वेणीसाठी चामड्याची वादी: कापणं, ताणणं आणि कडा तासणं

चामड्याची विणलेली मूठ, कडं किंवा पट्टा हातात घेतला की नजर आधी विणीकडे जाते. किती पेड आहेत, गाठ कुठे लपवली आहे, हे आपण बघत बसतो. पण वेणी चांगली होणार की ओबडधोबड, हे पहिला पेड दुसऱ्यावरून जाण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. ते ठरतं वादीवर. वादी म्हणजे चामड्याची लांब, अरुंद, एकसारख्या रुंदीची पट्टी. ती कशी कापली, किती ताणली आणि तिच्या कडा कशा तासल्या, यावर पुढचं सगळं उभं राहतं.

हे मला फार उशिरा कळलं. पहिलं वर्षभर मी तयार वादी आणून विणत होतो आणि वेणी खडबडीत झाली की दोष हातांना देत होतो. मग एकदा एकाच वादीचे दोन तुकडे घेतले, एकाच्या कडा तासल्या, दुसऱ्याच्या तशाच ठेवल्या आणि दोन्हींच्या चार पेडांच्या बोटभर वेण्या घातल्या. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी फरक कळत होता. न तासलेल्या वेणीवर प्रत्येक पेडाची कड नखाला अडकत होती, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. तासलेल्या वेणीवर अंगठा घसरत गेला. हात तेच होते, वीणही तीच.

असं का होतं तेही बघू. कापलेल्या वादीचा छेद आयताकृती असतो, चारही कोपरे चौकोनी. एक पेड दुसऱ्यावर चढतो तिथे खालच्या पेडाचा चौकोनी कोपरा वरच्याला उचलून धरतो आणि दोन पेडांमध्ये फट राहते. शिवाय कापलेली उघडी कड बाहेरून दिसते. खरखरीत बाजूचे दोन्ही कोपरे तिरके तासले, की गुळगुळीत बाजू शेजारच्या पेडावर अलगद खाली वळते, फट मिटते आणि कच्ची कड आत दडते.

चामडं निवडताना

वनस्पतींच्या सालींत किंवा अर्कांत कमावलेलं चामडं घ्या. बाजारात त्याला ‘व्हेज टॅन’ म्हणतात. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ आणि लवचिक असतं, कपड्यांना आणि पिशव्यांना ते छान, पण वादीसाठी ते रबरासारखं वागतं. पात्याखाली दबतं, सरकतं, आणि तासलेला उतार नीट राहत नाही. ओळख साधी आहे. तुकडा कापून छेद बघा. क्रोमच्या चामड्याचा गाभा बहुधा निळसर-करडा दिसतो, वनस्पतींनी कमावलेल्याचा तपकिरी.

जगभरचे चाबूक विणणारे कांगारूच्या चामड्याला पहिली पसंती देतात, कारण त्यातले तंतू पृष्ठभागाला बरेचसे समांतर आणि दाट असतात. त्यामुळे ते पातळ केलं तरी ताकद टिकते. पण शिकताना महागड्या चामड्यावर हात चालवू नका, भीतीने हात आखडतो. वासराचं किंवा शेळीचं चामडं पुरेसं आहे. ४ मिमी रुंदीच्या वादीसाठी जाडी १ मिमीच्या आसपास हवी. जाडी सगळीकडे सारखी असलेला तुकडा निवडा, म्हणजे ती नंतर तासून सारखी करण्याचं वेगळं काम वाचतं.

पाठीकडचं चामडं घट्ट असतं आणि कमी ताणतं. पोटाकडचं सैल, भरपूर ताणतं आणि ताणल्यावर पातळ पडतं. वादीसाठी पाठीकडचा भाग घ्या. घेतलेला तुकडा गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून बोटावर वाकवा आणि इंचाइंचाने बघा. ओरखडे, किड्यांच्या चाव्यांचे व्रण, सुरीची चीर असं जे काही असेल ते वाकवल्यावर उघडं पडतं. तिथे पेन्सिलने खूण करा आणि तो भाग वगळूनच चकती आखा.

चकतीतून वादी

लांब वादीसाठी लांब चामडं लागतं, असं नव्याने शिकणाऱ्याला वाटतं. तसं नाही. गोल चकती घ्यायची आणि कडेपासून आत गोल गोल कापत जायचं, सफरचंदाची साल एका लांब फितीसारखी काढतात तसं. हातभर लांबीची वादी बशीएवढ्या तुकड्यातून निघते.

किती लांबी निघेल याचा हिशेब सोपा आहे. चकतीच्या क्षेत्रफळाला वादीच्या रुंदीने भागायचं. १४ सेंमी व्यासाच्या चकतीचं क्षेत्रफळ सुमारे १५४ चौरस सेंमी. मधला २ सेंमी व्यासाचा भाग सोडून द्यावा लागतो, कारण तिथे वळण इतकं तीव्र होतं की वादी सरळ होतच नाही. तो भाग सुमारे ३ चौरस सेंमी. उरले १५१. वादी आधी ५ मिमी, म्हणजे ०.५ सेंमी रुंद कापली (ताणून झाल्यावर ती ४ मिमीची करायची आहे) तर ३०२ सेंमी, म्हणजे ३ मीटर. व्यास दुप्पट केला तर लांबी चौपट होते, हेही लक्षात ठेवा.

चार पेडांच्या गोल वेणीला प्रत्येक पेड तयार वेणीच्या साधारण दीडपट लागतो, वर हातात धरायला थोडा जास्त. ३० सेंमी वेणीसाठी प्रत्येकी ५० सेंमी धरा. चार पेड म्हणजे २ मीटर. १४ सेंमीच्या चकतीतून ते आरामात निघतात आणि चुकायला १ मीटर हाताशी राहतो. पहिल्यांदा तो लागतोच.

चकती अगदी वर्तुळच असली पाहिजे असं नाही. लंबगोल चालते, कोपरे चांगले गोल केलेला चौकोनही चालतो. टोकदार कोपरा मात्र ठेवू नका. तिथे वादीत पक्की मोड येते आणि ती ताणूनही जात नाही.

कापायची फळी

वादी कापायची तयार यंत्रं मिळतात. पण पहिली फळी स्वतः बनवा, कारण ती बनवताना रुंदी कशी ठरते हे हातांना समजतं. कठीण लाकडाची सपाट फळी घ्या आणि टेबलाला शिकंज्याने घट्ट आवळा. फळीच्या कडेपासून चार-पाच बोटं आत पितळेचा एक गुळगुळीत खिळा उभा ठोका. त्याच्या शेजारी, बरोबर ५ मिमीवर, सुरीचं नवं पातं टोकाने लाकडात घट्ट रोवा. हे अंतर खिळ्याच्या पात्याकडच्या बाजूपासून पात्यापर्यंत मोजायचं. खिळ्याच्या मध्यापासून मोजलं तर वादी अरुंद येते, आणि ही चूक सगळेच एकदा करतात.

दोन गोष्टी इथे नीट सांभाळा. पात्याची धार आणि खिळा एका रेषेत, अगदी शेजारी शेजारी हवेत. खिळा धारेच्या पुढे-मागे असला तर चकतीच्या वळणामुळे रुंदी बदलत राहते. दुसरी गोष्ट पात्याच्या कलाची. धार येणाऱ्या चामड्याकडे असते आणि तुम्ही वादी आपल्याकडे ओढता. पात्याचा वरचा भाग किंचित चामड्याकडे, म्हणजे तुमच्यापासून दूर झुकवा. मग धार चामड्याला खाली दाबत कापते. उलट कल दिला की चामडं पात्यावर चढतं आणि रुंदी हातची जाते.

पितळेचाच खिळा का? वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यातलं टॅनिन ओलसर असताना लोखंडाला लागलं की काळा-निळा डाग पडतो, आणि तो सहज निघत नाही. पात्याचं काही करता येत नाही, पण ओलसर चामडं पात्याला टेकवून चहाला उठू नका.

धारेबद्दल थोडं जास्तच बोलतो, कारण बहुतेक बिघाड इथेच होतात. नवं पातंही पाकिटातून काढून थेट लावू नका. सपाट लाकडावर चामड्याचा तुकडा चिकटवा, त्यावर हिरव्या पॉलिशची कांडी घासा आणि पातं धार मागे ठेवून दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा ओढा. कापताना दर एक-दोन मीटरला पुन्हा तेच. बोथट पातं ओळखायला डोळे लागत नाहीत. कानावर ध्यान ठेवा. धारदार पातं जवळजवळ गप्प कापतं, फक्त हलकी सरसर ऐकू येते. करकर सुरू झाली किंवा ओढायला जोर लागू लागला की थांबा. जोर वाढवून काम पुढे रेटलं तर वादी एका जागी बारीक होते, आणि ती जागा नंतर वेणीत नेमकी वर येते.

कापताना

चकती अगदी कोरडी, गुळगुळीत बाजू वर. कडेवर एक जागा निवडा आणि साध्या सुरीने ५ मिमी रुंदीची, ४-५ सेंमी लांबीची शेपटी हाताने कापा. कडेपासून आत हळूहळू शिरत जायचं. ही शेपटी खिळा आणि पातं यांच्यामधून ओवा आणि पलीकडून पक्कडीने किंवा बोटांनी धरा.

आता एका हाताने शेपटी सरळ, सपाट, एकाच वेगाने आपल्याकडे ओढा. दुसऱ्या हाताने चकतीची कड खिळ्याला फक्त टेकती ठेवा. चकती आपोआप फिरत राहते, तिला ढकलू नका. ओढणारा हात कायम पात्याच्या मागच्या बाजूला, आधार देणारा हात पात्यापासून निदान वीतभर लांब. चकती लहान झाली की बोटांऐवजी लाकडी काडीने आधार द्या. वादी कुठे अडकली तर झटका देऊ नका. थांबा, मागे घ्या, पातं बघा.

हाताला चामड्याची बोटटोपी घाला. पातं उघडं आहे आणि तुम्ही सगळं बळ लावून ओढत आहात. हे दोन्ही एकाच वेळी खरं असताना निष्काळजीपणा नको. काम संपलं की पातं काढून ठेवा, फळीवर उभं सोडू नका.

ताणणं

सगळ्यात जास्त वेळा टाळली जाणारी पायरी हीच. माझ्या सुरुवातीच्या एका पट्ट्यासाठी मी वादी थेट हव्या त्या रुंदीची कापली आणि लगेच विणायला घेतली. महिन्याभरात पट्टा लांबला आणि वीण सैल पडली. चामड्यात जो ताण शिल्लक असतो तो कधीतरी निघणारच. तो आधी काढला तर वेणी टिकते, नाहीतर वापरताना निघतो.

म्हणून वादी आधी जास्त रुंद कापायची. आपल्याला ४ मिमी हवी आहे, म्हणून कापली ५ मिमी. ती पाण्यातून काढा, फडक्याने टिपा आणि तासभर प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरते. निथळती ओली नको, दमट हवी. मग एका टोकापासून हातभर लांबीचा टप्पा दोन्ही हातांत धरा आणि सावकाश ताणा. आधी ती सहज लांबते, मग एक क्षण येतो की चामडं ‘बस’ म्हणतं. तिथे चार-पाच श्वास थांबा, मग पुढचा टप्पा घ्या. त्यापलीकडे खेचलं तर तंतू फाटू लागतात.

काही जागा जास्त ताणतील आणि बारीक होतील. चकतीची वादी चामड्याच्या लांबीतूनही जाते आणि रुंदीतूनही, आणि चामडं दोन्ही दिशांना सारखं ताणत नाही. कधी एखाद्या जागी वादी तुटते. वाईट वाटून घेऊ नका, ती जागा कच्चीच होती. वेणीच्या मध्यावर तुटण्यापेक्षा आता तुटलेली बरी.

सगळी वादी ताणून झाली की वरचं टोक आकड्याला बांधा, खाली हलकं वजन लटकवा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी चकतीचं वळण जवळजवळ गेलेलं असतं.

पक्की रुंदी

आता फळीवर पातं खिळ्यापासून बरोबर ४ मिमीवर रोवा आणि कोरडी वादी पुन्हा ओढा. एक कड खिळ्याला टेकून जाते, दुसऱ्या कडेवरून बारीक कातरण निघतं. त्या कातरणाकडे लक्ष ठेवा. ते सलग निघतंय तोवर सगळं ठीक. जिथे ते तुटतं किंवा नाहीसं होतं तिथे वादी आधीच ४ मिमीपेक्षा अरुंद आहे. तिथे खूण करा. तेवढा तुकडा पेडात घेऊ नका, गाठीला किंवा बांधायला ठेवा. अरुंद जागा फार असतील तर सगळी वादी साडेतीन मिमीची करा. वेणीला नेमका आकडा लागत नाही, सगळे पेड सारखे लागतात.

कडा तासणं

फळीच्या दुसऱ्या टोकाला वादी सैलसर बसेल अशी उथळ खाच कोरा, ४ मिमीपेक्षा जेमतेम रुंद, हातभर नव्हे, बोटभर लांब. खाचेच्या एका बाजूला दुसरं पातं ४५ अंशांत तिरकं रोवा, असं की धार वादीच्या एका वरच्या कोपऱ्यातून जाईल. वादी खाचेत खरखरीत बाजू वर करून ठेवायची, कारण तासायचे कोपरे त्या बाजूचे आहेत. पात्याच्या अलीकडे एक चपटी काडी वादीवर दाबून धरा म्हणजे ती उसळणार नाही. बोटाने दाबू नका.

पहिल्यांदा टाकाऊ तुकड्यावर ओढून बघा. बरोबर लागलं असेल तर कोपऱ्यावरून केसासारखा त्रिकोणी धागा सलग निघतो आणि गुंडाळत जातो. तो बघायला मला अजूनही आवडतं. मग वादीचं टोक भिंगाखाली किंवा उजेडात आडवं धरून छेद बघा. तिरका उतार दिसला पाहिजे, पण तो गुळगुळीत बाजूपर्यंत पोचता कामा नये. जाडीचा निदान तिसरा हिस्सा तरी उभी कड म्हणून उरू द्या. १ मिमी जाडीत वरची साधारण अर्धा मिमी कड तासली की पुष्कळ झालं. कड पार धारेसारखी पातळ केली तर विणताना ती मुडपते, लहरते, आणि वादीची रुंदीही कमी होते. नवशिक्यांचा हात इथे कमी तासण्यापेक्षा जास्त तासण्याकडे जातो.

एक कड झाली की पातं हलवू नका. वादी फक्त टोकापासून टोकाकडे फिरवा. खरखरीत बाजू वरच, पण आता दुसऱ्या टोकाकडून ओढायची. दुसरा कोपरा आपोआप पात्याकडे येतो आणि दोन्ही उतार एकाच मापाचे होतात.

धागा मध्येच तुटत असेल तर आधी धार तपासा. धार बरोबर असेल तर वादी खाचेत डुलतेय का ते बघा. उतार एका जागी जास्त, एका जागी कमी येत असेल तर तुमच्या ओढण्यात थांबे आहेत. पुढे सराव झाला की फळी न वापरता चामडं कापायच्या रापीनेही हे होतं. रापी स्थिर धरायची आणि वादी अंगठ्याखालून ओढायची. जाणती माणसं तसं भराभर करतात, पण माप हातात बसेपर्यंत फळीच बरी.

विणण्याआधी

प्रत्येक पेडाचं एक टोक दोन सेंमी लांब निमुळतं कापा, ते फटीतून ओवायला सोपं जातं. वादीला साबणाचा कीस, पाणी आणि घट्ट चरबी एकत्र उकळून केलेलं मलम अगदी पातळ चोळा. त्याने पेड एकमेकांवरून घसरतात आणि घट्ट ओढले तरी कडा सोलवटत नाहीत. फार लावलं तर हातातून निसटतात, म्हणून लावल्यावर फडक्याने एकदा पुसून घ्या.

विणताना गुळगुळीत बाजू कायम बाहेर. पेड वळताना उलटा पडला तर लगेच सोडवा, कारण तासलेली बाजू वर आली की सगळी मेहनत उघडी पडते. दर चार-पाच फेऱ्यांनी थांबा आणि सगळे पेड सारख्या जोराने घट्ट करा. वेणी पूर्ण झाली की ती दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये ठेवा, वरची फळी तळहाताने दाबत पुढे-मागे फिरवा, पोळपाटावर कणकेची वळी वळतात तशी. दहा-बारा फेऱ्यांत पेड आपापल्या जागी बसतात. त्यानंतरच टोकांची गाठ शेवटची आवळा आणि शिल्लक वादी कापा.